इस्तेमालसाहेब

नोकरीच्या चौथ्या दिवशी मी हातात फाइल धरून एका संडासाबाहेर उभी होते, आणि आत माझे साहेब बसले होते.

बाहेर गावचा प्रधान म्हणजे सरपंच, त्याचे दोन भाऊ, पंचायत सचिव आणि रिकामी आठ-दहा माणसं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आमच्याकडे योजनेतून बांधलेल्या संडासाला 'इज्जतघर' म्हणतात. दारावर निळ्या रंगात तसं लिहिलेलंही होतं. साहेबांनी प्रधानाकडे लोटाभर पाणी मागितलं, बूट बाहेर काढले, आत गेले आणि दार ओढून घेतलं. पाचेक मिनिटांनी आतून आवाज आला, "मैडम, लिखिए. कुंडी अंदर से नहीं लगती."

मी लिहिलं. बाहेर आल्यावर त्यांनी हात धुतले आणि प्रधानाला विचारलं, "घर की औरत बैठेगी तो दरवाजा किस हाथ से पकड़ेगी और लोटा किस हाथ से?"

"साहब, फोटो तो चढ़ गया है ऐप पर," प्रधान म्हणाला.

"फोटो में कौन बैठेगा?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली फाइल घेतली आणि 'अपूर्ण' लिहून सही ठोकली.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी सासूबाईंना म्हटलं, "हा माणूस वेडा आहे." त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुला आज कळलं? अख्ख्या दूधविनायक मोहल्ल्याला ठाऊक आहे."

महाराष्ट्रात जिला पंचायत समिती म्हणतात, तिला इकडे ब्लॉक म्हणतात. रामनगरच्या पलीकडची काही गावं आमच्या ब्लॉकमध्ये होती आणि त्या गावांतल्या नाल्या, हातपंप, विटांच्या वाटा म्हणजे खडंजे, बाजाराचे ओटे, बायकांचे बचत समूह, सगळ्याच्या फाइली आमच्या ऑफिसातून जात. माझे यजमान तिथे बाबू होते. ते गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. साहेब दूधविनायकातलेच, आमच्यासारखेच इकडे स्थायिक झालेले मराठी, आमच्या घरापासून चार दारं सोडून राहणारे. लग्न केलं नव्हतं, थोरल्या विधवा बहिणीबरोबर राहत. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणत. ऑफिसात ते पंडितजी होते. आणि गावांमध्ये त्यांचं नाव पडलं होतं 'इस्तेमालसाहेब', कारण कुठलंही बांधकाम पूर्ण झालं म्हणून सांगायला कोणी आलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "इस्तेमाल करके देखा?"

मी पहिल्या दिवशी कामावर गेले तेव्हा सगळ्यांनी दोन-दोन शब्द हळहळीचे काढले. ह्यांनी काढले नाहीत. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मराठीत म्हणाले, "तुझा नवरा अक्षर सुंदर काढायचा. खोटं मात्र पटकन लिहायचा. तू कशी लिहितेस ते बघू." मी घरी येऊन रडले. पुढे कळलं की माझ्या नेमणुकीची फाइल लखनऊपर्यंत जाऊन परत यावी म्हणून तीन वेळा स्वतः जिल्ह्याला खेटे घालणारे तेच होते. ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

चारचौघांत मी 'मैडम'. आम्ही दोघंच असलो की 'सूनबाई'. मराठी ते एखाद्या झाकल्या डब्यासारखी वापरत, आतलं इतरांना कळू नये म्हणून. प्रधान समोर चहाचा आग्रह करत असला की हसऱ्या तोंडाने मला म्हणत, "सूनबाई, ह्याने वाळू जास्ती घातली आहे, भिंतीला नख लावून बघ, उगीच हसू नकोस." आणि मी नख लावून बघे.

सकाळी ते मुन्शी घाटावर आंघोळीला जात. आमच्याजवळचे घाट सोडून इतक्या दूर कशाला, असं मी एकदा विचारलं. "जवळच्या घाटावर ओळखीचे लोक भेटतात," म्हणाले. "पाण्यात उभा असताना भाच्याच्या नोकरीचं सांगतात. नाही म्हणायला हात जोडावे तर ते आधीच जोडलेले असतात." तिथून परत येऊन, भात-वरण खाऊन ते ऑटोने लंकेला, शहराच्या टोकाच्या चौकात, येत, मीही तिथे पोचे, आणि मग दुसऱ्या ऑटोने आम्ही पूल ओलांडून रामनगरला जात असू. त्या ऑटोत ते कधी बोलत नसत. नदी आली की तिकडे बघत बसत.

कामाची तपासणी म्हणजे त्यांच्यासाठी एकच गोष्ट होती. सामुदायिक भवन असेल तर मेच्या दुपारी तिथे जमिनीवर पंचा पसरून तासभर झोपत आणि उठून लिहीत, 'खिडकी पश्चिमेला आहे, दुपारी बसणे अशक्य.' हातपंप असेल तर आधी हापसत, मग पीत. ते पाणी पिऊन एकदा महिनाभर काविळीने पडून होते. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांची बहीण म्हणाली, "ह्याला सांग गं कोणीतरी. सरकारने ह्याला बघायला ठेवलंय, प्यायला नाही." ते पिवळ्या डोळ्यांनी छताकडे बघत म्हणाले, "ताई, बघून पाणी कळत नाही."

त्यांच्याबद्दल ऐकणाऱ्याला गंमत वाटते. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्याला वाटत नसे. एक दौरा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. एक फाइल चार वेळा. बरोबरीचे सगळे वर गेले, हे तिथेच राहिले, आणि त्यांच्याबरोबर आमचीही कामं तिथेच राहिली. ब्लॉकचा प्रमुख, बीडीओ साहेब, तरुण होता, माणूस वाईट नव्हता. रोज संध्याकाळी वरून त्याला फोन येई, किती कामं पूर्ण दाखवली म्हणून. तो एकदा मला म्हणाला, "मैडम, पंडितजी सही कहते हैं, यही तो मुसीबत है."

मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, एका वस्तीतली नाली मला आठवते. साहेबांनी तिच्या एका टोकाला बादलीभर पाणी ओतलं आणि वाट बघत उभे राहिले. पाणी थोडं पुढे गेलं, थांबलं, आणि हळूहळू परत आमच्या पायांशी आलं. उतार उलटा होता. 'अपूर्ण.' ठेकेदार सामान उचलून गेला तो परत आलाच नाही. दोन पावसाळे त्या वस्तीत नाली नाही ती नाहीच. होती तीही त्याने अर्धी उखडून ठेवलेली. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा एक म्हातारा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "साहब, टेढ़ै सही, नाली त रहत." वाकडी का होईना, नाली तर असती.

 लंकेला उतरल्यावर साहेब मला म्हणाले, "सूनबाई, त्याचं काय चुकलं?" मी दमले होते. घरी सासूबाईंचं औषध न्यायचं होतं. "माहीत नाही, काका," म्हटलं आणि निघून आले.

आता बाजाराची गोष्ट.

ब्लॉकमधल्या एका मोठ्या गावाच्या तिठ्यावर मंगळवारी आणि शनिवारी बायका बसायच्या. भंटा, म्हणजे वांगी, दुधी, वालाच्या शेंगा, झेंडूची टोपलीभर फुलं. त्यांच्यात फुलमती म्हणून एक पन्नाशीची बाई होती. ती बांबूची सुपं आणि दौरे, म्हणजे टोपल्या, विणून विकायची. छठच्या सणाआधी तिच्यापुढे रांग लागे. हा बाजार कोणी भरवलेला नव्हता. रस्ता होता, रस्त्यावर माणसं होती, म्हणून तो होता. मग रस्ता रुंद झाला. ट्रक वाढले. एका मंगळवारी एका ट्रकचं मागचं चाक एका बाईच्या टोपलीवरून गेलं. बाई वाचली. पण बायकांना तिथून हलवायचं ठरलं, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

पंचायतीने नवा हाट बांधायचं ठरवलं. ओटे, वर पत्रा, नळ, बायकांसाठी संडास. जागा निघाली ती तळ्याच्या मागची, गावसमाजाची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची. बैठकीत साहेब उठून म्हणाले, "सड़क से दिखता नहीं है." कोणीतरी म्हणालं की जमीन दुसरी नाही. ते म्हणाले, मग तिठ्यापासून तळ्याच्या बाजूने सरळ वाट काढा, मधल्या एका शेताची कड तेवढी घ्यावी लागेल. ते शेत प्रधानाच्या चुलतभावाचं होतं. पुढच्या विषयाकडे वळू या, असं अध्यक्ष म्हणाले.

हाट बांधून झाला. खरं सांगायचं तर बांधकाम चांगलं होतं. साहेबांनी नळ सोडून बघितला, ओट्यावर बसून बघितलं, संडासाची कडी लावून बघितली. सगळं ठीक होतं. उद्घाटन झालं, फोटो झाले. मंगळवारी बायका तिठ्यावरच बसल्या.

महिनाभराने बीडीओने साहेबांना बोलावलं. मी फाइल घेऊन उभी होते. "पंडितजी, ऊपर से पूछ रहे हैं. आपकी बात औरतें मानती हैं. आप उनको हाट में बैठाइए."

साहेब म्हणाले, "पहले हम बैठेंगे."

बीडीओला वाटलं ते चिडून बोलले. मला माहीत होतं, ते चिडून कधी बोलत नसत. त्यांनी मंगळवार-शनिवारच्या रजेचा अर्ज टाकला, रामनगरच्या मंडईतून दोन टोपल्या वांगी घेतली, ऑटोत घातली आणि सकाळी सातला जाऊन त्या नव्या, स्वच्छ, रिकाम्या हाटातल्या एका ओट्यावर मांडून बसले. पांढरा सदरा, चष्मा, मांडीवर वही. गिऱ्हाईक आलं की वेळ लिहायची. दिवसभर बसून हे सिद्ध करायचं की इथे कोणी येत नाही, आणि ती वही बीडीओपुढे ठेवायची, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

पहिल्या मंगळवारी मला त्यांची सही हवी होती म्हणून मी दुपारी तिथे गेले. वहीत चार ओळी होत्या. आठ वाजता एक शेळी. साडेनऊला एक माणूस, रस्ता चुकलेला. अकराला सचिव, बघायला आला. साडेबाराला परत शेळी.

"काका, घरी चला," मी म्हटलं. "लोक हसताहेत."

"हसू देत. सूनबाई, पत्रा फार तापतो गं. हे मला आधी लक्षात यायला पाहिजे होतं." आणि त्यांनी तेही वहीत लिहिलं.

शनिवारी फुलमती आली. लांब उभी राहून तिने त्यांना पाहिलं, मग पदर तोंडाशी धरून हसत जवळ आली. "साहब, भंटा अइसे नाहीं धरल जाला." तिने वांगी सगळी खाली काढली, देठ एका बाजूला करून परत रचली, नळाचं पाणी आणून वर शिंपडलं. साहेब शहाण्या विद्यार्थ्यासारखे बघत होते. ती गेली नाही. बाजूच्या ओट्यावर बसून एक दौरा विणत राहिली, संध्याकाळपर्यंत.

पुढच्या मंगळवारी ती आपली सुपं घेऊनच आली. तिच्याबरोबर झेंडूवाली होती. त्या शनिवारी सात बायका. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी गेले तेव्हा हाट जवळजवळ भरला होता. कोणीतरी साहेबांना घरचं सत्तू आणून दिलं होतं, कोणी त्यांच्या डोक्यावर ओला गमछा ठेवला होता. त्या दिवशीची वांगीही कोमेजली होती. गिऱ्हाइकं नव्हतीच, बायकाच एकमेकींकडून फुलं आणि भाजी घेत होत्या. साहेबांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच गोंधळ पाहिला. मला हळूच म्हणाले, "ह्या कशाला आल्या सगळ्या? तिठा सोडून? प्रधानाने दटावलं की काय?"

मी म्हटलं, "विचारू का?"

"नको. वहीत लिहू. गिऱ्हाईक नाही, एवढं खरं आहे."

तेवढ्यात बीडीओची जीप आली. तो खाली उतरला आणि त्याच्या तोंडावर असा आनंद पसरला की मला त्याची कीवच आली. त्याने मोबाइल काढला. भरलेले ओटे, रंगीत साड्या, झेंडू, मधोमध पांढऱ्या सदऱ्यातले साहेब. चार-पाच फोटो. "पंडितजी, कमाल कर दिया आपने!"

साहेबांनी वही पुढे केली. "सर, ये देख लीजिए. एक भी ग्राहक नहीं…"

"आ जाएँगे, ग्राहक भी आ जाएँगे." त्याने वही हातात घेतलीसुद्धा नाही. तो फोटो त्या रात्रीच्या आत जिल्ह्याला पोचला, आणि आठवड्याभरात तिठ्यावर रस्त्याच्या कडेने लोखंडी रेलिंग लागलं. हाट चालू झाला आहे म्हटल्यावर बायकांना परत रस्त्यावर बसू देण्याचं कारण उरलं नव्हतं.

गिऱ्हाइकं आली नाहीत. कशी येणार? मोटारसायकलवरचा माणूस जाता जाता दुधी घेतो; दुधीसाठी तळ्याला वळसा घालून जात नाही. झेंडूवाली शहराच्या फूलमंडीत जायला लागली, पहाटे तीनला उठून. दोघी-तिघी डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरायला लागल्या. बाकीच्या घरी बसल्या. पत्र्याखाली शेळ्या बांधायला लागले लोक.

साहेबांची नोकरीची दोन वर्षं उरली होती. ती त्यांनी एका वाटेत घालवली. तिठ्यापासून हाटापर्यंत, शेताच्या कडेने, शंभर पावलंसुद्धा नसतील. रोज एक अर्ज, एक नकाशा, एक फेरी. लेखपालाकडे म्हणजे तलाठ्याकडे, तहसिलीत, प्रधानाच्या चुलतभावाच्या अंगणात. त्या अंगणात ते तास-तास उभे राहत आणि तो माणूस आतून निरोप पाठवी की झोपलाय. मी बऱ्याचदा बरोबर असे. त्यांचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, सोडा आता. तुमच्या एकट्याच्या चुकीने झालेलं नाही हे."

"मी बसलो नसतो तर फोटो मिळाला नसता," ते म्हणाले.

 खरंच मिळाला नसता.

ते रिटायर झाले त्या दिवशी हार घातले, समोसे वाटले, त्यांच्याबद्दलच्या गमती सांगून सगळे हसले. वाटेची फाइल माझ्या टेबलावर होती. तिला मंजुरी आली ती त्यानंतर तीन महिन्यांनी, चुलतभावाला दुसरीकडे जमिनीचा पट्टा मिळाल्यावर. खडंजा पडला. मी घरी जाऊन त्यांना सांगितलं. ते खुर्चीत बसून पेपर वाचत होते. "कधी नेतेस?" एवढंच म्हणाले.

माघातल्या एका शनिवारी आम्ही गेलो. ते काठी घेऊन तिठ्यावर उतरले आणि ती नवी वाट चालून गेले, सावकाश, मध्ये एकदाही न थांबता. विटा नीट बसल्या होत्या. हाटात नऊ-दहा बायका होत्या, चार गिऱ्हाइकं होती. बऱ्याचशा बायका नव्या होत्या. त्यांनी साहेबांना ओळखलं नाही. फुलमती नव्हती.

तिचं घर विचारत आम्ही गेलो. उन्हात बसून ती बांबूच्या कामट्या सोलत होती. साहेबांना पाहून उठली, खाट ओढली, आत जाऊन गूळ आणि पाणी घेऊन आली. आता बाजारात बसत नाही, म्हणाली. लग्नसराईत आणि छठला लोक घरी येऊन घेऊन जातात, बाकी दिवस सून एका शाळेत स्वयंपाक करते, चाललंय.

साहेब खाटेवर बसले नाहीत. काठी धरून उभेच राहिले. हिंदीत, पाठ करून आल्यासारखे म्हणाले, "हम माफी माँगने आए हैं. हमारी वजह से आप लोग सड़क छोड़कर वहाँ बैठीं."

 फुलमतीला ते काय म्हणताहेत तेच कळत नव्हतं बहुतेक. मग म्हणाली, "आपके वजह से काहे, साहब? हमहन अपने मन से आयल रहली. आप अकेल्ले बइठल रहलीं. भंटा सूखत रहल, केहू पूछत ना रहल. नीक नाहीं लगत रहल."

तुम्ही एकटे बसला होता, बघवत नव्हतं. म्हणून त्या आल्या होत्या. नोकरी गेली असेल, असंही त्यांच्यातल्या एकीला वाटलं होतं, असं ती पुढे हसत हसत म्हणाली. ह्या वयात वांगी विकायला बसला बिचारा.

साहेब तेव्हा खाली बसले. पाणी प्यायले, गूळ खाल्ला. तिने विचारलं तेव्हा बहिणीची तब्येत सांगितली. थोड्या वेळाने आम्ही निघालो.

पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. ऑटो अर्धा तास एका जागी उभा होता. ते नेहमीसारखे नदीकडे बघत होते, आणि त्या ऑटोत ते कधी बोलत नसत.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी तिथे कशासाठी बसलोय, हे त्या बायकांना सांगायचं मला सुचलंच नाही. त्या समोर बसल्या होत्या. इतके दिवस."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला तरी कुठे सुचलं होतं? मी चार वेळा तिथे जाऊन आले होते, आणि चारही वेळा सही घेऊन घरी पळाले होते.

पुढचा ट्रक हलला. ऑटोवाल्याने गिअर टाकला.